भुंकणं बदललं की गाडी काढा

आपल्याकडे कुत्र्याला गोचीड दिसली की कोणी डॉक्टरकडे पळत नाही, चिमटीत धरून उपटायची, रॉकेलच्या वाटीत टाकायची, विषय संपला. सिडनीत नॉर्दर्न बीचेस भागात राहायला आल्यावर कळलं की गोचिडीची एक जात अशी पण आहे जी एकटीच चांगल्या धडधाकट कुत्र्याला आडवं करते. पॅरालिसिस टिक. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला सापडते, मूळची बँडिकूट नावाच्या इथल्या छोट्या पिशवीवाल्या प्राण्याच्या अंगावरची, आणि हे लांब नाकाचे बँडिकूट रात्री आमचं लॉन बिनधास्त उकरत असतात.

सीझन स्प्रिंगचा, म्हणजे इथला सप्टेंबरपासून पुढे. त्यातच आमच्या चिकूचं भुंकणं बदललं. पोस्टमन आला की एरवी घर डोक्यावर घेतो, त्या दिवशी नुसतं घोगरं हुफ्फ. नवरा म्हणे घसा बसला असेल. मग सोफ्यावर चढायला गेला तर मागचे पाय लटपटले, दारू प्यायल्यासारखा झुलत कोपऱ्यात गेला आणि पांढरा फेस ओकला. मी पाण्याचं भांडं उचललं तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजी ओरडल्या, पाणी अजिबात देऊ नकोस!

बरोबरच होतं त्यांचं. गोचिडीच्या विषाने घशाचे स्नायू पण ढिले पडतात, दिलेलं पाणी किंवा बिस्किट पोटाऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतं, मग वर न्यूमोनिया. कुत्र्याला चालवायचं नाही, एसी लावून थंड ठेवायचं, सरळ गाडीत घालायचं. जाताना मी केसांत बोटं घालून चाचपत होते, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, ओठांच्या कडेला, शेवटी कानामागे लागली, राखाडी, टम्म फुगलेली. काढली. पण गोचीड निघाली म्हणजे सुटलो असं नाही हां, काढल्यावरही दीड-दोन दिवस तब्येत बिघडत जाऊ शकते, त्यामुळे मधूनच घरी वळायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये आणखी गोचिडी शोधायला त्याला पार भादरला, ऑक्सिजन लावला, अँटिसीरम म्हणजे विषावरचा उतारा दिला. हे सीरम ज्या कुत्र्यांच्या अंगात या विषाची इम्युनिटी तयार केलेली असते त्यांच्या रक्तापासून बनवतात, मला हे ऐकून फार भारी वाटलं. बिल मात्र काही हजार डॉलर! इन्शुरन्स काढणार असाल तर पॉलिसीत टिक पॅरालिसिसला वेगळी मर्यादा आहे का ते आधी वाचा. आता चिकूला गोचिडीची चघळायची गोळी न चुकता, आणि फिरून आला की रोज अंग चाचपायचं.

तिकडे भारतात ही जात नाहीये, पण तिकडच्या गोचिडींमुळे टिक फीवर होतोच. कुत्रा अचानक जेवेना, अंग तापलंय, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढरट, लघवी गडद चहासारखी, असं असेल तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आणि माणसांची क्रोसिन वगैरे तर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.