सात, अकरा, वीस

माझा महिना तीन तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, २० ला ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, करासकट. राहते डोंबिवलीला, लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, वय ४४. मार्चमध्ये कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, आला ६.१. डॉक्टर म्हणाल्या, "५.७ च्या आत हवा होता. ६.५ ला डायबेटिस म्हणतात. जेवता किती वाजता?"

खरं उत्तर असं की सकाळी ११ ला चहा-खारी, डबा तीन-साडेतीनला, तोही डाव्या हाताने, उजवा माउसवर. मटकीच्या उसळीचा एक दाणा कीबोर्डच्या एंटरखाली गेलेला, तो काढायला आयटीवाला बोलवावा लागला होता. आणि रात्रीचं जेवण दहाला, ताटाशेजारी फोन. "मॅडम, ते एक डेबिट नोट जरा बघता का?" हा मेसेज नेहमी भात कालवल्यावरच येतो.

आमची बिल्डिंग जुन्या गिरणीच्या जागेवर उभी आहे. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला, खाली कुंड्या. माझे आजोबा याच भागात गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आजी सांगायची, भोंगा झाला की ती स्टोव्हला पंप मारायला घ्यायची, चहा उकळेपर्यंत आजोबा चाळीच्या जिन्यात. दिवसभर कापसात खोकून आलेला माणूस, त्याचं कौतुक काय करणार? पण भोंगा झाल्यावर मुकादम काही खोलीवर यायचा नाही. आणि रविवारची सुट्टी तरी कुठे फुकट मिळाली? कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणीवाल्यांच्या मागे लागून १८९० मध्ये ती पदरात पाडून घेतली. माझे रविवार मी बसल्या जागी, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आमच्या नोंदी जुळवत, परत देऊन टाकत होते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी तसं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, लोकसभेत मांडलं होतं. आमच्याकडे हे वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, "खासगी विधेयक शेवटचं पास झालं १९७० ला. तोपर्यंत तू भात खाऊन घे."

म्हणून मीच सरांकडे गेले. घाबरतच. म्हटलं, सर, ६-७, १०-११ आणि १९-२० या तारखांना रात्री बारालाही उचलेन. इतर दिवशी साडेआठनंतर व्हॉट्सॲप बघणार नाही, अगदीच अडलं तर फोन करा. सर थोडं थांबले आणि म्हणाले, "मग मीपण बघणार नाही." मला वाटलं होतं वाद होईल! अडचण निघाली वेगळीच, सवा नऊला माझाच हात फोनकडे जायचा. आता तो तांदळाच्या पिंपावर असतो, स्वयंपाकघरात, रिंग चालू ठेवून. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा उगाच तांदूळ बघून आले. पोरगी हसते.

डबा सव्वाला, पँट्रीत बसून. एक भाकरी, उसळ, काकडी. भात डब्यातून काढला, घरी ठेवला. मग पंधरा मिनिटं चिमणीला फेऱ्या. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून डॉक्टरांनी हे पहाटेच्या जिमपेक्षा आधी सांगितलं. (५.४० ला उठून पाणी भरणारीला जिम सांगणाऱ्यांशी मी बोलत नाही.) आधी एकटीच जायचे. आता डिस्पॅचचे काका आणि रिसेप्शनवरची मुलगी असतात. काकांचं म्हणणं, चिमणीभोवती अकरा फेऱ्या म्हणजे कारणाशिवाय प्रदक्षिणा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट ५.९. आधी का नाही, तर लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही टेस्ट त्यांच्यावर चढलेली साखर मोजते, त्यामुळे आठवडाभर कारलं खाऊन तिला फसवता येत नाही. मी विचारलं होतं.

गेल्या २० ला जीएसटीचं पोर्टल संध्याकाळी लटकलं. ३बी गेला नऊ वाजून दहा मिनिटांनी, दादरला उभ्याने दोन वडापाव खाल्ले, वर कटिंग, साखरेचा. मस्त लागला.

आज १९ आहे. फोन पिंपावर नाही, उशाशी आहे.