सुतळीचा तुकडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तेव्हा शाळेच्या वर्गांआधी आठवली ती शाळेची गच्ची आणि १३ डिसेंबरची एक रात्र. मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहण्यासाठी आम्ही नववीची मुले सतरंज्यांवर उताणी पडलो होतो. विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला वही, पेन्सिल आणि हातभर सुतळी दिली होती. सुतळी कशासाठी, हे कोणालाच उमगले नव्हते.

दहाच्या सुमारास ब्रह्महृदय या ताऱ्याजवळ एक ठिणगी उमटली आणि फुलत फुलत रोहिणीच्या अंगाने खाली उतरली. तिच्यापुढे व्याधाचा तेजस्वी ताराही फिका पडला, कठड्याची सावली फरशीवरून सरकली आणि शेवटी हिरवट झाक दाखवून ती दोन तुकड्यांत विझली. आम्ही आनंदाने ओरडलो. सरांनी मात्र घड्याळ पाहून सर्वांना पाच मिनिटे गप्प राहायला सांगितले. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात आणि तो खूप खाली उतरला, तरच त्याचा गडगडाट ऐकू येऊ शकतो. पण ५० किलोमीटर उंचीवरून तो आवाज पोचायलाही अडीच मिनिटे लागतात. इतकी गाढ शांतता मी त्या गच्चीवर पुन्हा कधी अनुभवली नाही. आवाज आला नाही.

तोवर मी वहीत ‘मिथुनातील उल्का’ असे लिहून टाकले होते. सर म्हणाले, “आधी काय दिसलं ते लिही, नाव मागाहून.” मग त्यांनी सुतळी हात लांब करून उल्केच्या मार्गावर ताणायला आणि तीच रेघ मागे वाढवायला लावली. फेथॉन या लघुग्रहाने मागे टाकलेले कण समांतर मार्गांनी येतात, म्हणून रेल्वेच्या रुळांप्रमाणे त्यांच्या रेघा मागे एकाच ठिकाणी, मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, मिळालेल्या दिसतात. माझी सुतळी तर ध्रुवाच्या बाजूला गेली होती. ती कोणत्याही वर्षावातली नसलेली, तुरळक उल्का निघाली.

पुढे एका रात्री मिनिटभर संथपणे सरकणारा, तुकडे सांडणारा प्रकाश पाहून सोबतचे सगळे “उल्का!” म्हणाले, तेव्हा मी नकळत सेकंद मोजत होते. उल्का बहुधा काही सेकंदांतच विझते. इतका रेंगाळणारा प्रकाश वातावरणात परतणाऱ्या उपग्रहाच्या किंवा रॉकेटच्या अवशेषांचा असण्याचीच शक्यता अधिक.

ती वही अजून जपून ठेवली आहे. खोडलेल्या ‘मिथुनातील’ या शब्दावर पेन्सिलीने ‘तुरळक’ लिहिले आहे आणि खाली नोंद आहे : चार सेकंद, शेवटी हिरवट, दोन तुकडे, आवाज नाही.