गारांतून कोथळीकडे

माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगरजवळच्या कोथळीत संत मुक्ताईसमोर उभं राहायचं, हा आमच्या घरचा आजोबांपासूनचा नेम. आमच्याकडची म्हातारी माणसं मुक्ताईनगरला अजून एदलाबादच म्हणतात. चोपड्याहून निघायचं; अडावद, धानोरा, किनगाव, यावल, फैजपूर, सावदा करत तापी ओलांडायची. दिंडी लहान, चाळीसेक माणसं.

यंदा दुसऱ्या दिवशी किनगाव सोडलं आणि सातपुड्याकडून आभाळ काळंनिळं झालं. वारा एकदम पडला. आधी टपोरे थेंब, मग गारा. बोराएवढ्या, बघता बघता लिंबाएवढ्या. बायांनी तुळस पदराखाली घेतली, विणेकरीबुवांनी खताच्या रिकाम्या गोणीत वीणा गुंडाळून छातीशी धरली. आम्ही काही जण निंबाखाली पळालो, तर चोपदारांनी ओरडून बाहेर काढलं. वीज झाडावरच येते. शेवटी एका केळीच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत आणि तिच्या ओट्यावर दाटीवाटीने उभे राहिलो.

शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, मेहूणला तापीकाठी विजेच्या लोळात मुक्ताई गुप्त झाली, हे लहानपणापासून ऐकत आलो. कथेतली ती वीज मला नेहमी उजेडासारखी वाटायची. त्या ओट्यावर मात्र अंगाला कापरं भरलं. इतकी कोवळी पोर, आणि अंगावर हे आभाळ!

पाऊस थांबला तेव्हा बागेत एक पान धड नव्हतं. घड लागलेली खोडं मधोमध मोडून पडली होती. मालक आले. बागेकडे बघत उभे राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “आख्खा वल्ला व्हई गयात, घर चला.”

रात्री त्यांच्याकडे कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. घास उतरत नव्हता. हरिपाठाला ते मागे भिंतीशी येऊन बसले, टाळ घेतले नाहीत.

तेवढ्यात घरून फोन. आमच्याही शिवारात गारा झाल्या होत्या. गहू लोळला, दादर ज्वारी उभी होती, पण कणसं काळी पडणार. मी विचारलं, “परत येऊ का?” बायको म्हणाली, “तुम्ही येसन गहू उभा व्हनार शे का? मुक्ताईले सांगा.”

पुढचे दोन दिवस चिखलाचेच. डांबरी सोडली की काळ्या मातीचा गारा चपलेला चिकटे आणि पाय उचलवत नसे. दोन म्हाताऱ्यांना टेम्पोत बसवलं, बाकी चालत राहिलो.

एकादशीला बारी लांब होती. मुक्ताईपुढे गव्हाचं सांगायचं ठरवून गेलो होतो; तोंडातून त्या केळीवाल्या भाऊंचंच निघालं.

घरी आल्यावर विळे काढले. लोळलेला गहू हार्वेस्टरला नीट घेता येत नाही, हातानेच सोंगावा लागतो. चार दिवस लागले. उतारा निम्माच आला. दादर काळी पडली, ती गुरांना ठेवली.