गाडीच्या एसीत घरी गॅस भरला: माझा अनुभव

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, कधी द्रव होतो, कधी वायू, आणि आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं. पण मागच्या उन्हाळ्यापर्यंत थंडगार असलेला एसी या उन्हाळ्यात कोमट वारा देतो, तेव्हा गॅस कुठून तरी गळतोय असंच समजायचं. ‘गॅसचा डबा आणा, लावा, झालं’ असा सल्ला मलाही मिळाला होता. पण गळती तशीच ठेवून वरून गॅस ओतणं मला पटलं नाही.

माझ्या गाडीत कंप्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारा भाग, टक् करून लागायचा आणि काही सेकंदांत सुटायचा, पुन्हा लागायचा. गॅस कमी असला की लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, दाब पटकन खाली येतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो, त्याचं हे लक्षण. तरी आधी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) आणि कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा पाहून घेतला. दोन्ही ठीक होते.

मग गळती. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून बॅटरी घेऊन एकेक सांधा बघत गेलो. कंडेन्सरला पाइप जोडतो तिथे बोटाएवढ्या जागेत काळपट, ओलसर थर होता. तो पुसून साबणाचं पाणी लावलं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. जरा थांबल्यावर नटच्या कडेला बारीक फेस धरला, मोहरीहूनही लहान बुडबुडे, एकाला एक चिकटलेले. आतली ओ-रिंग, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारी रबरी कडी, कडक झाली होती.

सांधा खोलायचा तर आधी आत उरलेला गॅस काढायला हवा, आणि हे काम मी घरी केलं नाही. माझ्या गाडीत आर-134ए नावाचा गॅस आहे. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे. तो हवेत सोडणं चूक आहे आणि अनेक देशांत बेकायदाही. गॅस परत खेचून घेणारं मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये तो काढून घेतला. किती निघाला त्याचं वजन मशीन सांगतं, त्यावरून किती गळला तेही समजलं.

घरी आल्यावर ओ-रिंग बदलली. ती एसीसाठीचीच घ्यावी, नळाची साधी रिंग या गॅसला आणि तेलाला टिकत नाही. बसवताना तिला कंप्रेसरचंच तेल लावायचं, ग्रीस नाही. हे तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून बाटलीचं झाकण लगेच बंद करायचं.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिथेच आहे: व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा पंपाने ओढून काढणं. सिस्टिम उघडली की आत हवा जाते, हवेबरोबर पाण्याची वाफ. हवा आत राहिली तर दाब वाढतो आणि गारवा कमी होतो. पाणी राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी (जिथे अरुंद वाटेतून जाताना गॅसचा दाब पडून तो गार होतो) त्याचा बर्फ होऊ शकतो, आणि पुढे आम्ल तयार होऊन धातू खातं. मित्राकडून मॅनिफोल्ड गेज (तीन नळ्यांचं दाब मोजायचं साधन) आणि व्हॅक्यूम पंप आणला होता. निळी नळी लो साइडला, लाल हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला), मधली पिवळी पंपाला. गेजचा काटा उणे 29 इंचांच्या (पाऱ्याच्या मापात) आसपास गेला. एवढ्या कमी दाबात पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. त्याला वेळ लागतो, म्हणून पंप अर्ध्या तासाहून जास्त चालू ठेवला. मग व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवला आणि काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही, म्हणजे सांधा धरला.

गॅस किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. मी डबा वजनकाट्यावर ठेवून वजनानेच भरला. नुसत्या दाबावरून अंदाज बांधला तर फसगत होते, कारण बाहेरचं तापमान बदललं की दाबही बदलतो. आणि जास्त गॅस भरला म्हणून गारवा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. पिवळी नळी पंपावरून काढून डब्याला लावली आणि तिच्यातली हवा आधी काढून टाकली. सुरुवातीचा गॅस व्हॅक्यूमनेच आत खेचला गेला. मग इंजिन सुरू, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी, आणि डबा उभा, म्हणजे कंप्रेसरकडे द्रव न जाता वायूच जातो. इंजिन चालू असताना गेजचा लाल व्हॉल्व्ह अजिबात उघडायचा नाही. हाय साइडचा दाब डब्यात शिरला तर डबा फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे शेवटपर्यंत अंगावर होते, कारण हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो आणि कातडीवर उडाला तर जखम करतो.

निम्मा गॅस गेल्यावर डबा बाहेरून गार पडून ओला झाला, भरण्याचा वेग मंदावला. डबा कोमट पाण्यात धरला की पुन्हा वेग येतो. ज्योत किंवा उकळतं पाणी त्याच्या जवळपासही नको. हळूहळू क्लचची टकटक थांबली, कंप्रेसर सलग चालू लागला, जाडा पाइप हाताला गार लागायला लागला. स्टिकरवरचा आकडा आला तसा व्हॉल्व्ह बंद केला. मधल्या व्हेंटमध्ये खोचलेला थर्मामीटर 8 अंशांवर येऊन थांबला.

गळती बुजवणारं औषध मिसळलेले डबेही मिळतात. ते मी घेतले नाहीत आणि कुणाला सुचवणारही नाही, त्याने व्हॉल्व्ह आणि वर्कशॉपचं मशीन दोन्ही चोंदू शकतात. गाडी नवी असेल तर स्टिकरवर आर-1234वायएफ असण्याची शक्यता मोठी. तो गॅस पेट घेऊ शकतो, तो भरायची तोंडंही वेगळ्या मापाची असतात, तिथे 134ए भरू नये. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं, ते काम मी घरी करणार नाही.