पुढे एक, मागे एक : पावसाळ्यातल्या टायरच्या नोंदी

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे मृगाच्या आधी टायर बदलून झाले. सायकल तीच, रुंदी तीच २८ मिमी, पण या वेळी पुढे आणि मागे वेगळ्या कंपन्यांचे टायर आहेत. पुढे कॉन्टिनेंटलचा ग्रँड प्री ५०००, मागे श्वाल्बेचा मॅरेथॉन. एक हलका, मऊ रबराचा, शर्यतीसाठी बनवलेला. दुसरा जाडजूड, वजनाला भारी, लांबच्या प्रवासाचा. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना ही जोडी विजोड वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साताऱ्यात राहून टायर निवडायचा म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन हवामानांचा विचार करावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, तर माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास. शनिवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून कासला जावं, तर परतीच्या उतारावर ओलं डांबर, झाडांखाली धरलेलं शेवाळ आणि कडेनं वाहत आलेली जांभ्याची लाल माती. रविवारी कोरेगाव-पुसेगावकडे वळावं, तर बाभळीचे काटे. या दोन्हींच्या मधून हायवे जातो आणि त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात. पश्चिमेला ग्रिप लागते, पूर्वेला जाडी लागते, आणि दोन्ही एकाच टायरमध्ये पूर्ण मिळत नाही.

का मिळत नाही, हे समजून घेतलं की निवड सोपी होते. ओल्या रस्त्यावर पकडणारा रबर मऊ असतो. डांबराच्या खडबडीत पृष्ठभागावर तो दबतो, खाचांमध्ये बसतो आणि म्हणूनच झिजतोही लवकर. जास्त किलोमीटर देणारा रबर कडक असतो, तो खाचांवरून निसटतो. रबरात सिलिका मिसळायला लागल्यापासून हे अंतर बरंच कमी झालंय. ओल्यात पकड वाढते आणि टायर फिरायलाही हलका राहतो. तरी अंतर संपलेलं नाही. पंक्चर अडवणाऱ्या थराचंही तसंच. मॅरेथॉनमध्ये ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, ३ मिमीचा रबरी थर आहे. तो काटा अडवतो, पण टायर त्यामुळे ताठ होतो आणि प्रत्येक फेऱ्यात वाकताना जास्त ताकद खातो. पायांना ते चढावर कळतं.

नक्षीबद्दल एक सांगतो, कारण दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. खोल नक्षी म्हणजे ओल्यात चांगली पकड, हे गाडीच्या रुंद टायरला लागू आहे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, हवाही जास्त असते. आपल्या वेगाला तो पाणी बाजूला सारून थेट रस्त्याला टेकतो. पक्क्या डांबरावर पकड ठरते ती रबरावरून आणि हवेवरून. तेव्हा गुळगुळीत टायर बघून घाबरू नका.

आता पुढे-मागेचा प्रश्न. मागचं चाक घसरलं तर सायकल आडवी सरकते, पण बहुतेक वेळा सावरता येते. पुढचं गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, म्हणजे उतारावर थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच टायर करतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दोन्हीकडे एकाच कंपनीचे कडक, पंक्चररोधक टायर होते. नाव लिहीत नाही, कारण कोरड्यात त्यांनी भरपूर साथ दिली. पण घाटातल्या वळणावर पांढऱ्या पट्ट्यावरून जाताना पुढचं चाक बोटभर सरकलं आणि मग पूर्ण उतारभर माझे खांदे सैल झाले नाहीत. उताराचा आनंदच जाणार असेल, तर त्या टायरचं आयुष्य कितीही असो, मला तो पुढे नको.

मागची गोष्ट वेगळी. अंगाचं वजन मागच्या चाकावर जास्त आणि पॅडलचा जोरही तिथूनच रस्त्यात उतरतो, त्यामुळे मागचा टायर पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं झिजतो. मधला गोल भाग सपाट होतो, टायर चौकोनी दिसायला लागतो. पंक्चरही बहुतेक मागेच होतात. आयुष्याचा हिशोब करायचा तो मागच्या चाकाचा, पुढच्याला त्यात ओढायचं कारण नाही.

पावसात रबर ओला असला की काच आणि तारा त्यात सहज शिरतात. हा अनुभव सगळ्यांना असेल. गेल्या जुलैत आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे मागची हवा हळूहळू उतरायला लागली. जुन्या टायरचीच ही गोष्ट, मॅरेथॉन तेव्हा घरातल्या दुसऱ्या सायकलवर होता. ट्यूब काढली, भोक सापडलं, पण टायरमध्ये बोट फिरवून काहीच लागेना. तेव्हा हातमोज्यातून कापसाचा बोळा काढून टायरच्या आतून फिरवला. एका जागी धागे अडकले. तिथं केसाएवढी बारीक तार होती, आतून मिलिमीटरभर डोकावणारी, बाहेरून दिसतही नव्हती. चिमट्यानं धरून ओढली तर नखाएवढी लांब निघाली. ती राहिली असती तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत गेली असती. कापसाचा बोळा हँडलबॅगेत ठेवाच, वजन काहीच नाही. आणि राइड संपल्यावर ओल्या फडक्यानं टायर पुसून उजेडात बघा, रुतलेली काच चमकते.

आरामाचं गणित हवेवर जास्त आहे, टायरच्या किमतीवर कमी. अजूनही आपल्यातले बरेच जण सवयीनं १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात. २८ मिमीच्या टायरला, सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला, एवढी गरज नाही. मी मागे ७५ आणि पुढे ६५ ठेवतो, पावसात दोन्हीकडे पाचेक कमी. टणक चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं, त्या उड्यांची ताकद अंगात जिरते, आणि मेढ्याहून केळघर चढून महाबळेश्वरला पोचेपर्यंत मनगटं बोलायला लागतात. मऊ केसिंगच्या (रबराखालच्या विणीच्या) टायरमध्ये हा फरक आणखी जाणवतो. ग्रँड प्री पुढे लावल्यापासून मनगटांची तक्रार मिटली, मागचा ताठपणा कमरेला थोडा कळतो. तो मला चालतो.

आता कंपनीवरच्या निष्ठेबद्दल. पहिल्या रोडबाइकपासून मी कॉन्टिनेंटलवाला. कारणं साधी आहेत. ट्रेडवर दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की टायर बदलायचा, अंदाज बांधत बसावं लागत नाही. दुसरं म्हणजे माझ्या रिमवर टायर कसा बसतो हे हाताला पाठ आहे. रात्री दोन वाजता, पावसात, हेडलॅम्पच्या उजेडात टायर चढवायचा असेल तर ही ओळख फार मोलाची आहे. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांना हे सांगायला नको. २०० किमीला साडेतेरा तास आणि ६०० किमीला ४० तास मिळतात, त्यात प्रत्येक पंक्चर झोपेतून वजा होतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकल शर्यत १८९१ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हा शार्ल तेरों जिंकला तो मिशेलिनच्या काढता-घालता येणाऱ्या टायरवर. पंक्चर पटकन काढता येणं ही त्या काळी नवलाई होती. नावावरचा विश्वास अशा कामातून येतो, आणि तो ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पण कंपनीवर विश्वास म्हणजे दोन्ही चाकांना तीच कंपनी, असा अर्थ मी आता घेत नाही. पुढच्या चाकाला कॉन्टिनेंटलशिवाय मी जाणार नाही. मागे ज्याचा थर जाड आणि साइडवॉल (टायरची बाजू) मजबूत, तो घेणार.

यात एक तोटा आहे. जोडी सारखी असताना मागचा संपला की पुढचा मागे टाकून नवा पुढे लावता यायचा, पैसे पुरेपूर वसूल. आता तसं लगेच जमत नाही. म्हणून असं ठरवलंय : गळीत हंगाम संपेपर्यंत मॅरेथॉन मागेच राहील. शेंद्रे आणि भुईंजच्या बाजूला कारखान्याच्या ट्रॅक्टरांमागे चिखल आणि उसाची चिपाडं पडतात, त्याखाली काय दडलंय ते दिसत नाही. उन्हाळ्यात रस्ते मोकळे झाले की पुढचा ग्रँड प्री मागे जाईल, तिथं तो झिजून संपेल, आणि पुढे नवा येईल. मॅरेथॉन रोजच्या पोवई नाक्याच्या फेऱ्यांच्या सायकलवर परत.

ब्रेकखाली बोटभरही जागा नाही, म्हणून ३२ मिमी माझ्या फ्रेममध्ये बसणार नाही. ३० मिमीचा एक मागवलाय. फुगवल्यावर प्रत्यक्षात किती भरतो ते व्हर्नियरनं मोजून पुढच्या नोंदीत लिहितो. कुणी जुन्या, रिमला चिमटणाऱ्या कॅलिपर ब्रेकमध्ये ३० बसवला असेल तर रिमच्या आतल्या रुंदीसकट कळवा.