तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं कापड कायले?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस दिवाणावर बसतो, चहा घेतो आणि कपाटाचं दार उघडं दिसलं की विचारतोच, "काकू, एवढं कापड कायले जमवता? किती गोधड्या शिवाल?" आपण बसलोय त्या दिवाणाच्या पोटातही तेच आहे, हे बिचाऱ्याला ठाऊक नसतं.

हिशेब मी केलाय. वर्षाला दोन गोधड्या होतात, फार तर तीन. हाताचा धावदोरा, मशीन नाही. या चालीनं घरातलं कापड संपायला हा जन्म पुरणार नाही. तेव्हा गोधडीसाठी जमवते म्हणणं म्हणजे थाप. मला कापडच आवडतं; गोधडी हे ते घरात आणायचं निमित्त.

खोड वडिलांची. ते नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल; आज तिथे मॉल आहे. वडील पाहुण्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून उभा-आडवा धागा बघायचे. आई लाजेनं आत निघून जायची. आता मी लग्नात अनोळखी बाईचा पदर तसाच धरते, आणि मुलगी लांब जाऊन उभी राहते.

गांधीबागेत कटपीसचा ढीग दिसला की माझे पाय थांबतात. दुकानदार म्हणतो, प्युअर कॉटन. मी कडेचे चार धागे ओढून घेते आणि घरी चिमट्यात धरून जाळते. कागद जळाल्यासारखा वास आला, राख बोटानं चुरली, तर सुती. वितळून काळा टणक मणी झाला, तर पॉलिस्टर. तसलं कापड घाम शोषत नाही आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अंगाखालीही नको वाटतं.

आजीच्या नऊवारी नागपुरी लुगड्याची सर मात्र कशालाच नाही. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं सूत. गोधडीच्या पोटात मी असलंच जुनं घालते. नवं कोरं धुतल्यावर आटतं आणि सगळी शिवण चुण्या धरते. शिवाय कोऱ्या कापडात खळ असते आणि खळीवर कसर येते, म्हणून आणलं की आधी धुवायचं, मग घडी. रंगाचाही भरवसा नसतो. एकदा लाल पट्टी न धुता पांढऱ्या धोतराला जोडली. पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी! मीठ टाकून रंग पक्का होतो म्हणतात. माझा नाही झाला बाप्पा.

मे महिन्यात सगळं गच्चीवर टाकते. नागपूरचं ऊन कधी नव्हे ते कामी येतं. रंगीत तेवढं उलटं करून, संध्याकाळच्या आत उचलायचं. यजमान खाली पेपर वाचत बसतात आणि दर वर्षी विचारतात, "नवं काय आलं?" मी सांगत नाही.

त्या ढिगात एम्प्रेसचं दोन मीटर लाँगक्लॉथ आहे, वडिलांनी आणलेलं. काठावरचा शिक्का पुसट झालाय. त्याला अजून कात्री लावली नाही. मुलगी म्हणते, आई, तू कधी लावणारच नाहीस. असेल. पण परवा त्याच्या शेजारी ठेवायला एक निळं छापील घेतलं, दीड मीटर. छान दिसतंय.