जामीन कुणाला राहिलास गा?

टेक्सासमध्ये गाडी नसली की माणूस दूध आणायलाही लंगडा. कर्ज काढून गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ऑफिसातला एक जण म्हणाला, आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, बघून घे. इथं अशी नोंद ठेवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या आहेत, आणि ऍन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर तिघींचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. रात्री जेवण करून उघडले, तर दोन खाती माझ्या ओळखीचीच नाहीत. एक तर थकबाकीत गेलेलं.

घाबरून अप्पांना फोन लावला. तिकडं सकाळ होती. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात पावसाआधीची धूळवाफ पेरणी आटोपून ते चहाला बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला जामीन राहिलास काय गा? आठवून बघ की."

अनोळखी कर्ज ही गोष्टच अप्पांना ठाऊक नाही. सोसायटीत, पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतो, तो गल्लीतलाच असतो, आणि हप्ता चुकला की निम्म्या गावाला कळतं. इथं मला ओळखतो तो नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर. शेजारी कोण राहतो हे तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

पहिल्या खात्याचं कोडं तासाभरात सुटलं, आणि थोडी लाजही वाटली. आल्या आल्या गादी घेतली होती, दुकानानं त्यांचं कार्ड गळ्यात मारलं होतं. अशी कार्डं बऱ्याचदा भलतीच बँक देते आणि रिपोर्टवर त्या बँकेचं नाव येतं. म्हणून चोरी झाली असं ओरडण्याआधी खातं उघडल्याची तारीख बघावी, त्या महिन्यात आपण काय घेतलं ते आठवावं.

दुसरं खातं मात्र खरंच माझं नव्हतं. वैयक्तिक माहितीच्या पानावर ओहायोतला एक पत्ता होता. मी ओहायोत कधी विमान बदलायलाही उतरलेलो नाही. कुणीतरी दुसरा पाटील माझ्या फायलीत येऊन राहिला होता. यात माझ्या नावातल्या 'ज्ञ'चाही हात असावा असा माझा अंदाज आहे. सीमाभागातल्या लोकांना हे दुखणं माहीत आहे: पासपोर्टवर कन्नड वळणाचं जे-एन, डिग्रीवर मराठी वळणाचं डी-एन-वाय. इथल्या पहिल्या नोकरीत डिग्री बघून नाव चढलं, त्यामुळं रिपोर्टवर मी आधीच दोन माणसं होतो. तिसरा घुसायला कितीसा वेळ?

रक्कम तीनशे डॉलरच्या आसपास. भरून टाकू, कटकट मिटेल, असं मनात आलं होतं. बरं झालं भरली नाही; दुसऱ्याचं कर्ज आपणच मान्य केल्यासारखं झालं असतं. तो पत्ता आणि ते खातं माझं नाही असं पत्रात लिहिलं, लायसन्सची आणि वीजबिलाची प्रत जोडली, आणि पोचपावतीच्या टपालानं पाठवलं. खातं ज्या दोन कंपन्यांच्या रिपोर्टवर होतं त्या दोघींना वेगवेगळं, शिवाय खातं कळवणाऱ्या वसुलीवाल्यालाही. एकीकडं दुरुस्त झालं म्हणजे दुसरीकडं होतंच असं नाही. कायद्यानं त्यांना साधारण 30 दिवसांत चौकशी करावी लागते. एकीनं तीन आठवड्यांत खातं काढलं, दुसरीनं 'पडताळणी झाली, बरोबर आहे' असं छापील उत्तर धाडलं. पुन्हा पत्र, पुन्हा प्रती, आणि मग निघालं. तोवर तिघींकडं फाईल फ्रीज करून ठेवली, म्हणजे माझ्या नावावर कुणी नवं कर्ज काढू नये. 2018 पासून ते फुकट आहे.

गणपतीला गावी आलो तेव्हा हाच किडा डोक्यात. अप्पांचा सिबिल रिपोर्ट काढायला बसलो. आपल्याकडं सिबिल धरून अशा चार कंपन्या आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक कळवली आणि 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढं दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियमही आता आहे. अप्पांनी ओटीपी सांगितला आणि मी बघतो तर काय, ट्रॅक्टरचं कर्ज! आमच्याकडं ट्रॅक्टर नाही. दोन हप्ते थकलेले.

"अप्पा, हे तुमचं नाही. तक्रार घालतो."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मालकीच्या रकान्यात 'गॅरंटर' लिहिलं होतं.

"ट्रॅक्टर माझा नाही. सही माझी आहे."

हप्ता त्याचा चुकला तरी डाग तुमच्याही नावावर लागतो, हे मी जरा चढ्या आवाजात समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रिपोर्टाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर डब्यात मोदक घेऊन ते त्या घरी गेले. तासाभरानं रिकामा डबा घेऊन आले. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.